उत्तर: सोडत लागली, पैसे कापले, पण ॲपमध्ये तिकीटच नाही

तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. टोकियोत येऊन आठ महिने, आवडत्या बँडच्या कार्यक्रमाची सोडत लागली, कार्डावरून पैसे गेले, मधल्या काळात स्वस्त पडतं म्हणून फोनची कंपनी बदललीत, नंबरही नवा घेतलात, आणि आता ॲप म्हणतंय या नंबरावर काहीच नाही. कार्यक्रम शनिवारी. हेच्या हेच मी २०१७ साली करून बसले आहे.

इथली मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं म्हणजे म्हाडाची सोडत, हे तुम्हाला कळलेलंच आहे, त्यात जात नाही. पण इलेक्ट्रॉनिक तिकीट नावाशी नाही, ईमेलशीही नाही, तर बऱ्याचदा फोन नंबराशी बांधलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या वाढदिवसासाठी दोन तिकिटं काढली होती. महिन्याला हजारेक येन वाचतात म्हणून मी कंपनी बदलली. नंबर तोच ठेवायची सोय होती, पण त्याला वेगळे पैसे आणि एक जास्तीचा फॉर्म. म्हटलं, नवीन नंबराने काय बिघडतंय, मला फोन करतंय कोण! जुन्या कंपनीला सिम परत हवं होतं, तेही मी शहाण्या मुलीसारखं पाकिटात घालून, ८२ येनचं तिकीट लावून पोस्टात टाकलं. सगळ्या प्रकरणात माझं कामाला आलेलं तिकीट तेवढंच.

ॲपमध्ये तिकीट दिसेना, मग सुरू झाला तिकीट कंपनीचा चौकशी कक्ष. नाव घेत नाही. फोनवर रेकॉर्डेड आवाज, एक दाबा, तीन दाबा, सगळं अतिसभ्य जपानीत. माझं जपानी तेव्हा भाजी आणण्यापुरतं. फॉर्म भरला तर उत्तर तीन कामकाजी दिवसांत, आणि कार्यक्रम परवावर. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने फोन लावून दिला, तर पलीकडून 'खातेदाराने स्वतः बोलावं'. त्याने वाक्यं लिहून दिली, मी ती शाळेतल्या पाठांतरासारखी म्हटली. पलीकडची बाई म्हणाली, ओळख पटवायला तुमच्या नोंदवलेल्या नंबरावर कोड पाठवते. अहो, तो नंबर बंद आहे म्हणून तर फोन केलाय! 'मोशिवाके गोझाइमासेन.' मी मोजलं, एका फोनमध्ये अकरा वेळा माफी. आपल्याकडचा कारकून खेकसतो, पण खेकसून झाल्यावर 'उद्या अकराला या, साहेब असतील' एवढं तरी सांगतो. इथे कुणी आवाज चढवत नाही आणि कुणी साहेबही येत नाही. असो. इतक्या वर्षांनीही रक्तदाब वाढतो.

त्या संध्याकाळी आम्ही तरीही सभागृहापर्यंत गेलो. दारावरची मुलं बिचारी काय करणार, त्यांना फोनवरचा चौकोन स्कॅन करायचा होता. बाजूच्या भिंतीपाशी तीसेक माणसं उभी होती, गळ्यात बँडचे टॉवेल, सगळी गप्प, मान हलवत. याला म्हणे 'ओतोमोरे' म्हणतात, म्हणजे भिंतीतून झिरपणारा आवाज ऐकणं. एका मावशींनी कठड्यावर सरकून मला जागा दिली. बास गिटारचा आवाज अंगात शिरत होता, शब्द एकही कळत नव्हता. नवरा म्हणाला, हा वाढदिवस लक्षात राहील. राहिलाय.

आता तुमचं. ईमेलची वाट बघत बसू नका. सोडत लागल्याचा मेल, त्यातला नोंदणी क्रमांक, कार्डाचा पैसे गेल्याचा तपशील, जुन्या फोनचा करार आणि झाइर्यू कार्ड (आपलं इथलं परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), सगळं छापून एका फोल्डरमध्ये घाला. मग चौकशी कक्षाला फोन लावा, शेजारी जपानी बोलणारं माणूस बसवा, पण पहिलं वाक्य तुम्ही बोला, नाहीतर ते फोन पुढे नेतच नाहीत. शनिवारी दारं उघडायच्या तासभर आधी पोचा आणि तिकिटांच्या अडचणींसाठी टेबल मांडलंय का बघा. मोठ्या कार्यक्रमांत बहुतेक असतं. मी आमच्या वेळी ते विचारलंच नाही, थेट दारात जाऊन रडले. तुमचं काम होईलच असं नाही हं, मी कुठल्या कंपनीत नाही आणि नियम बदलत असतात.

आणि कृपा करून कुणा अनोळखी माणसाकडून चढ्या भावाने दुसरं तिकीट घेऊ नका. धंदा म्हणून मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने तिकिटं विकण्याविरुद्ध २०१९च्या जूनपासून इथे कायदा आहे, आणि दारात नाव आणि ओळखपत्र जुळलं नाही तर पैसेही गेले, आत जाणंही गेलं. पुढच्या वेळी कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा-खाऊच्या दुकानात, छापून मिळणाऱ्या कागदी तिकिटाचा पर्याय दिसला की डोळे झाकून तोच घ्या. कागद फोनची कंपनी बदलत नाही.

आता माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून द्या. मोठ्या सभागृहांच्या मागे लागूच नका. बुदोकानला एकदा जाऊन या, मलाही आवडलं, निशि-कासाईहून तोझाइ लाइनने थेट कुदानशिता. पण दर महिन्याला ऐकायचं असेल तर शिमोकिताझावा, कोएन्जी इथल्या तळघरातल्या लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे बँड वाजवतात त्या छोट्या जागांमध्ये, जा. तिथे सोडत नाही, ॲप नाही. बँडलाच सोशल मीडियावर 'तोरिओकी ओनेगाइशिमास' असा निरोप टाका, ते तुमच्या नावाने तिकीट दारात ठेवतात, पैसे तिथेच रोख. साधारण अडीच-तीन हजार येन, वर सहाशेच्या आसपास सक्तीचं एक ड्रिंक. ही लूट नव्हे, बहुतेक लाइव्ह हाउसचा परवाना खाण्यापिण्याच्या जागेचा असतो. दारू नको असेल तर पाण्याची बाटली घ्या, घरी जाताना लागतेच.

पहिल्यांदा गेले तेव्हा दारातल्या मुलाने विचारलं, आज कुठला बँड बघायला आलात? मला वाटलं गप्पा मारतोय. म्हटलं, सगळे! त्याचा पेन हवेतच राहिला. पुढ्यात कागद, त्यावर चार बँडची नावं, प्रत्येकाखाली पाच रेघांच्या एकाच कांजीने मोजदाद, आपण चार उभ्या आणि एक आडवी मारतो तशी. नंतर कळलं की बऱ्याच ठिकाणी बँडला ठरावीक तिकिटं खपवायचीच असतात, त्याला 'नोरुमा' म्हणतात. कमी पडली तर फरक त्यांच्या खिशातून. माझ्या 'सगळे'मुळे त्याने बिचकत पहिल्याच बँडखाली रेघ ओढली, आणि मी जिच्यासाठी गेले होते ती गिटारवाली मुलगी एका रेघेला मुकली. तेव्हा ते एक नाव दारात नीट सांगायचं, बाकी जपानी नाही आलं तरी चालतं. कार्यक्रम संपल्यावर तीच मुलगी सीडी आणि टी-शर्टांच्या टेबलामागे उभी असते. दोन शब्द बोलून या. माझ्या इथल्या निम्म्या ओळखी त्या टेबलांवर झाल्या.

एक गोष्ट मात्र अंगवळणी पडायला वेळ लागला. गाण्यांच्या मध्ये शांतता. टाळ्या वाजतात आणि मग टाचणी पडली तर ऐकू येईल. पुण्यात सवाई गंधर्वमध्ये भारतीय बैठकीवर बसून 'क्या बात है' म्हणत वाढलेल्या माणसाला वाटतं, यांना आवडलं नाही की काय. आवडलेलं असतं. तुम्ही चुकून 'वाह' म्हणालात तर कुणी रागावत नाही, मी जाझच्या जागी म्हटलंय आणि पियानोवाल्याने मान वर करून हसून दाद घेतली. शिंजुकूचा पिट इन हा जाझ क्लब १९६५पासून चालू आहे, तिथे जाऊन बसा. जुन्या 'जाझ किस्सा'मध्ये, म्हणजे जाझच्या तबकड्या लावणाऱ्या कॉफीच्या दुकानांत, मात्र बोलायचं नाही, तिथे तबकडी ऐकायलाच माणसं येतात.

रात्रीबद्दल घाईत. लाइव्ह हाउसचे कार्यक्रम संध्याकाळी सहा-सातला सुरू होऊन साडेनऊपर्यंत आटपतात, म्हणजे जेवून शेवटची गाडी मिळते. ती चुकली तर पहाटे पाचच्या सुमारास पहिली. टॅक्सीचा मोह आवरा, रात्री दहानंतर वीस टक्के जास्त लागतात. मी कराओकेची खोली घेऊन झोपते. बाई म्हणून मला इथे रात्री भीती वाटलेली नाही, पण शिंजुकूतल्या काबुकिचो या बारच्या वस्तीत हाताला धरून 'स्वस्त बार' म्हणणाऱ्यामागे कुणीच जाऊ नये, तिथल्या लाउडस्पीकरवरूनही तेच सांगत असतात. क्लबमध्ये वीस वर्षं पूर्ण लागतात, आणि झाइर्यू कार्ड खरंखुरं हवं, फोनमधला फोटो चालत नाही. इझाकायात, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसताच न मागवता आलेली वाटी म्हणजे 'ओतोशी', तिचे पैसे लागतात, भांडू नका. शाकाहारी असाल तर तोफूवरही माशाचे पापुद्रे येतात, 'कात्सुओबुशी नुकी' म्हणायला शिका. आणि स्टेशनवर सायकल ठेवली असेल तर एका बिअरनंतरही ती ढकलत घरी न्या. २०२४च्या नोव्हेंबरपासून पिऊन सायकल चालवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड आहे. आमच्या गल्लीतल्या दोघांना हे खोटं वाटत होतं.

लिहिता लिहिता एक सुचलं. काही स्वस्त कंपन्यांमध्ये कनेक्शन रद्द केलं तरी ते महिनाअखेरपर्यंत चालू राहतं. तुम्ही २० तारखेला रद्द केलंय म्हणता आणि महिना अजून संपलेला नाही. जुनं सिम पोस्टात टाकलंत का अजून घरात आहे? घरात असेल तर हे वाचणं थांबवा, ते फोनमध्ये घाला आणि सिग्नलच्या दांड्या येतात का ते बघा. आल्या तर आज रात्रीच कोड मागवून ॲपमधला नंबर बदलून टाका.