लग्नाची कॅसेट आणि मेणाचे चेहरे

प्रश्न : 1994 च्या आमच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटची पूर्वी दुकानातून व्हीसीडी करून घेतली होती. आता मोबाईल ॲपवर ती फाईल ‘4के’ केली, तर सगळ्यांचे चेहरे मेणाचे दिसू लागले. काही करता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कॅसेट अजून घरात असेल तर व्हीसीडी बाजूला ठेवा. पाल (भारतात वापरली जाणारी टीव्ही-चित्राची पद्धत) पद्धतीच्या कॅसेटवर सेकंदाला 50 अर्धी चित्रे असतात : एकदा विषम ओळी, एकदा सम. व्हीसीडी होताना त्यातली निम्मी वगळली जातात आणि 352 × 288 पिक्सेल एवढेच उरते. जे उरलेच नाही ते ॲप अंदाजाने रंगवते. मागच्या रांगेतला चेहरा जेमतेम 20 पिक्सेलांचा. तिथे ॲप काढते तो चेहरा तुमच्या आत्याचा नसतोच.

आधी कॅसेटच्या खिडकीतून पाहा. फितीवर पांढरट बुरशी असेल तर ती चालवू नका. व्हीसीआरचे हेड (फीत वाचणारा भाग) खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. फीत स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत नेऊन पूर्ण मागे आणा, ताण सारखा होतो. कॅसेट संगणकावर रेकॉर्ड करून देणाऱ्याला स्पष्ट सांगा : 720 × 576, सेकंदाला 25 फ्रेम, इंटरलेस (म्हणजे अर्धी चित्रे तशीच ठेवून), एफएफव्ही1 कोडेक (चित्राची गुणवत्ता न घटवता फाईल साठवण्याची पद्धत). तासाला साधारण 30 जीबी धरा. उभ्या कडा वाकड्या डोलत असतील तर टाइम बेस करेक्टर (ओळी जागच्या जागी सरळ करणारी सोय) असलेला व्हीसीआर शोधा. हा दोष नंतर सॉफ्टवेअरने नीट निघत नाही, म्हणून इथे घाई नको.

मग हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेससाठी (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे करण्यासाठी) ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ आणि ‘बॉब’ निवडा. सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम मिळतात. हे न करता आकार वाढवलात, तर हलत्या हातांवरच्या फणीच्या दातांसारख्या रेषाही मोठ्या होऊन चित्रात कायमच्या बसतात. हालचाल पुढे-मागे थरथरली तर ओळींचा क्रम उलटा धरला गेला आहे, तो बदला. तळाच्या 8-10 ओळींतली फाटकी पट्टी कापा. आकार 1440 × 1080 पुरे, गुणवत्ता आरएफ 18 (हा हँडब्रेकमधला गुणवत्तेचा आकडा, कमी तितका चांगला). रुंदी 1920 केलीत तर नवरा-नवरी दोघेही रुंद दिसतील, कारण मूळ चित्र 4:3 आहे.

एआय वापरायचेच असेल तर प्रतीवर, तेही आधी जवळून घेतलेल्या चेहऱ्यांच्या 10 सेकंदांवर.

कॅसेट उरलीच नसेल, तर व्हीसीडीतली ‘डॅट’ फाईल (मूळ व्हिडिओ हिच्यात असतो) थेट कॉपी करा, पडद्यावरून पुन्हा रेकॉर्ड करू नका. तिला डीइंटरलेस लागत नाही. 768 × 576 च्या पुढे नेऊ नका.