ना-हरकत पत्र मागण्याआधी बहिणीने सही कशावर केली ते शोधा

तुम्ही लिहिले आहे की तुमची एकोणीस वर्षांची बहीण फुटबॉलमध्ये मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मध्यात, खेळते, परराज्यातील एका संघाने तिला बोलावले आहे, सध्याचा क्लब संघ बदलण्यासाठी लागणारे ना-हरकत पत्र देत नाही, दोन वर्षांपूर्वी तिने कोणत्या कागदावर सही केली हे घरात कोणालाच सांगता येत नाही आणि नोंदणीची मुदत संपायला अकरा दिवस उरले आहेत. मी सोलापूरचीच आहे, मिडफिल्डलाच खेळले आणि नेमक्या याच खड्ड्यात पडले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. सराव, आहार, ट्रायल यांविषयी काही सांगत नाही. परराज्यातून बोलावणे येण्याइतके तुमच्या बहिणीला ते येतेच.

माझी चूक 2017 च्या जून महिन्यातली आहे. सामना संपला होता, ऊन मी म्हणत होते आणि क्लबचे एक पदाधिकारी मैदानाबाहेर उभ्या मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून एकेका मुलीची सही घेत होते. कागदाचा वरचा अर्धा भाग दुमडलेला होता. बॉनेट इतके तापले होते की मनगट टेकवता येत नव्हते आणि माझ्या घामाने सहीची शाई पसरली. "एका वर्षाची नोंदणी आहे, सगळ्याच करतायत," एवढेच आम्हाला सांगण्यात आले. मी अठरा पूर्ण केलेली, बारावी झालेली मुलगी होते, वाचता येत होते, तरीही दुमडलेला भाग उलगडून पाहिला नाही आणि प्रत मागितली नाही. पुढे कळले की तो तीन वर्षांचा करार होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदणीत माझ्या नावापुढे मोबाइल क्रमांक आणि ईमेलही क्लबच्याच माणसाचा होता, त्यामुळे माझ्या नोंदणीविषयीचा प्रत्येक संदेश त्याच्याकडे जात असे.

2019 च्या सुरुवातीला बाहेरच्या एका संघाचे बोलावणे आले. त्या काळी इंडियन विमेन्स लीग या देशपातळीवरच्या महिला स्पर्धेची अंतिम फेरी एकाच शहरात काही आठवड्यांत उरकत असे. 2017-18 ची शिलाँगला झाली, 2018-19 ची लुधियानाला होणार होती. म्हणजे नोंदणीची मुदत हुकली की सगळे वर्ष गेले. क्लबने ना-हरकत नाकारली, म्हणून मी ज्या कार्यालयाने यात लक्ष घालायला हवे होते तिथे अर्ज घेऊन गेले. ते कोणते, हे मी इथे लिहिणार नाही. पहाटेच्या गाडीने निघून अकराच्या आत तिथे पोहोचायचे आणि "साहेब मिटिंगला आहेत" हे ऐकून रात्री परतायचे, अशा चार फेऱ्या झाल्या. माझी आई विड्या वळत असे, आणि एका फेरीच्या तिकिटात व खाण्यात तिची दोन-तीन दिवसांची मजुरी जात असे. पहिल्याच दिवशी मी अर्ज टेबलावर ठेवला, समोरच्या गृहस्थांनी तो एका फाइलीत सरकवला आणि मी नमस्कार करून बाहेर पडले. आवक क्रमांक घेतला नाही, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला नाही. चौथ्या फेरीत त्यांनी आवक नोंदवही माझ्यापुढे उघडली आणि त्या महिन्यात माझ्या नावाचा अर्जच आलेला नाही, असे शांतपणे सांगितले. तोवर मुदत संपून चार दिवस झाले होते.

लुधियाना गेली, बंगळुरूची 2019-20 ची फेरीही त्याच करारात अडकून गेली, आणि 2020 साली करार संपला तेव्हा करोनामुळे पुढच्या मोसमाची लीगच झाली नाही. मी पुन्हा त्या स्पर्धेच्या मैदानात उतरले ती 2022 च्या उन्हाळ्यात, भुवनेश्वरला. एका सहीची आणि एका न घेतलेल्या पोचेची ही किंमत होती. आजही ते सांगताना मला राग येतो, आणि तो केवळ त्या कार्यालयाचा नाही.

हे नुकसान मिडफिल्डरला इतरांपेक्षा जास्त बाधते, असे माझे ठाम मत आहे. स्ट्रायकर वर्षभर बसली तरी तिचे आधीचे गोल आकड्यांत दिसतात. आपले काम असे मोजले जात नाही. चेंडू पायात येण्याआधी दोनदा मान वळवून मागे कोण आहे हे पाहणे, सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, पास देण्यासाठी वाट मोकळी करणे, उडून परत येणारा चेंडू कुठे पडेल याचा अंदाज घेऊन चार पावले आधीच सरकणे, हे सगळे नव्वद मिनिटे बघत बसणाऱ्या प्रशिक्षकालाच दिसते. 5 जुलै 2025 रोजी चिआंग माईला थायलंडविरुद्ध संगीता बासफोरने दोन्ही गोल केले, आपण 2-1 ने जिंकलो आणि पात्रता फेरी खेळून भारत प्रथमच महिला आशियाई चषकासाठी पात्र ठरला, तेव्हा तिचे नाव घरोघरी गेले. पण ती मिडफिल्डर आहे आणि त्याआधीही कित्येक वर्षे ती भारताच्या मध्यात धावतच होती. म्हणून बहिणीचे पूर्ण सामने चित्रित करून ठेवा. पार्क स्टेडियमच्या पायऱ्यांवरून मोबाइलवर उंचावरून घेतलेले साधे चित्रण चालते. निवडक क्षणांची दोन मिनिटांची चित्रफीत मिडफिल्डरच्या फारशी कामाची नसते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मी वकील नाही आणि नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे महासंघाची चालू नियमावली स्वतः वाचून मगच पाऊल टाका. मात्र तुमच्या मजकुरातील एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. बहीण आज एकोणीस वर्षांची आहे आणि सही दोन वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे त्या वेळी तिला अठरा पूर्ण नसण्याची शक्यता मोठी आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, व्यक्तीला करार करता येत नाही, तेव्हा त्या कागदावर आई-वडिलांची सही आहे की नाही हे प्रत हाती येताच तपासा. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांतही अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसावा अशी मर्यादा आहे. शिवाय ती व्यावसायिक म्हणून नोंदलेली आहे की हौशी म्हणून, हेही पाहा. फिफाच्या व्याख्येनुसार लेखी करार आणि प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मोबदला या दोन्ही गोष्टी असतील तरच खेळाडू व्यावसायिक ठरते. प्रवासखर्च आणि बूट एवढेच देऊन "करार आहे" म्हणणाऱ्या क्लबला हा प्रश्न लेखी विचारता येतो. पगार ठरलेला असून दोन महिन्यांचा थकला असेल, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवण्याची तरतूदही फिफाच्या नियमांत आहे.

हे सारे लेखी करा. क्लबला कराराची प्रत मागणारा अर्ज बहिणीच्या नावाने, तिच्या सहीने, दोन प्रतींत जाऊ द्या आणि त्याच मजकुराचा ईमेलही पाठवा. क्लबने पोच नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने अर्ज पाठवून पावती जपून ठेवा. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर महासंघाच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे, म्हणजे खेळाडूंची नोंदणी आणि करार यांचे वाद पाहणाऱ्या समितीकडे, तक्रार करा आणि तिची प्रत राज्य संघटनेला द्या. फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची स्वतःची संघटना आहे, तिलाही लिहा. मला तिची माहिती फार उशिरा मिळाली. कोणाच्या ओळखीने फोन करून काम होईल, या भरवशावर एकही दिवस घालवू नका. आमच्याकडे तसे तीन फोन झाले होते आणि तिन्ही वेळा "होऊन जाईल" असेच सांगण्यात आले. काही ठिकाणी ओळखीने काम होतही असेल, पण अकरा दिवसांत मी तो धोका पत्करणार नाही.

नव्या संघाविषयीही एक सांगते. 2023 साली महासंघाने इंडियन विमेन्स लीगमधील क्लबांना किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान 3.2 लाख रुपयांचा करार करण्याचे बंधन घातले. बहिणीला मिळणारा आकडा त्याच्याशी ताडून पाहा आणि दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार हे करारात लिहून घ्या. मुलींमध्ये गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे आणि त्यातून परतायला नऊ महिने सहज जातात. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर लांब स्टडचे (तळाला खुंट असलेले) बूट घालून पाय मुरगळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून सोलापुरात सराव करताना तिला आखूड रबरी स्टडचेच बूट द्या. शालेय स्पर्धांपासूनची सगळी प्रमाणपत्रेही एका फाइलीत ठेवा, कारण राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि तिथे प्रत्येक प्रमाणपत्राची पडताळणी होते.

सर्वांत आधी बहिणीच्या नोंदणीत कोणाचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल आहे ते पाहा. तो तिचा नसेल तर दुरुस्तीचा अर्ज उद्याच द्या. कराराची प्रत हाती आली की पहिले पान, मुदतीचे कलम आणि सहीचे पान आधार क्रमांक झाकून मला पाठवा. मी त्याच रात्री वाचून तुम्हाला कळवते.