लेकीला जिवाणूंचं वायरिंग शोधायचंय

‘मॅडम, मी वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालो. मुलगी टी. वाय. बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. जिवाणूंमधली जनुकं कोण चालू करतं, कोण बंद करतं हे कॉम्प्युटरवर शोधायचं, असं तिच्या डोक्यात बसलंय. मेडिकलला जायचं म्हणून अकरावीतच गणित सोडलेलं. मेहुणे म्हणतात, बी.एड. करून टाका. एका क्लासवाल्यांचे फोन येतात, बायोइन्फर्मॅटिक्सचा सहा महिन्यांचा डिप्लोमा, पंच्याऐंशी हजार फी, नोकरीची हमी. यात पोटापाण्याचं काही आहे का? आणि हे मुळात आहे काय, ते मला कळेल असं सांगा.’
– एक वडील, अहिल्यानगर जिल्हा

नमस्कार भाऊसाहेब,

बहुतेक पालक पहिल्याच ओळीत पॅकेज विचारतात. ‘हे आहे काय’ असं तुम्ही विचारलंत, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. तुम्ही लाइनमन असल्यामुळे माझं काम निम्मं झालंय.

समजा, तुमची नव्या गावात बदली झाली. नकाशा कुणाकडे नाही आणि खांबावर चढायची परवानगीही नाही. रात्री टेकडीवर बसायचं, कुठल्या घरातला दिवा कधी लागतो, कधी जातो ते वहीत टिपायचं आणि त्यावरून कुठलं घर कुठल्या डीपीवर आहे ते सांगायचं. तुमच्या लेकीला हेच करायचंय. तिचं गाव म्हणजे आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू. त्यात साधारण ४,३०० जनुकं म्हणजे घरं, आणि त्यांना चालू-बंद करणारी सुमारे ३०० प्रथिनं म्हणजे डीपी. १९९७ साली या जिवाणूची ४६ लाख अक्षरांची डीएनएची पोथी वाचून झाली. घरांची यादी हाती आली. तारा मात्र अजून पूर्ण सापडलेल्या नाहीत.

पहिली तार कशी सापडली, ते लेकीलाच विचारा. तिच्या कॉलेजात डायऑक्सिक ग्रोथचं प्रॅक्टिकल झालं असेल. एकाच फ्लास्कमध्ये ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही घालतात, ई. कोलाय सोडतात आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी कलरीमीटरवर, म्हणजे द्रावण किती गढूळ झालं ते मोजणाऱ्या यंत्रावर, जिवाणूंच्या वाढीचं रीडिंग घेतात. आलेख चढतो, मग मध्येच ओट्यासारखा सपाट होतो, आणि पुन्हा चढतो. त्या सपाट भागात ग्लुकोज संपलेलं असतं आणि जिवाणू लॅक्टोज पचवायची यंत्रणा उभी करत असतो. मी बीएस्सीला असताना तो ओटा दिसल्यावर रीडिंग चुकलं म्हणून खोडून सरळ रेघ मारली होती. सरांनी वही परत केली, आणि त्या एका रेघेपायी मी पुढे सूक्ष्मजीवशास्त्रातच राहिले. असो. पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी हाच ओटा न खोडता पाहिला. १९६१ साली त्यांनी फ्रांस्वा जाकोब यांच्यासह त्याचा खुलासा मांडला. लॅक्टोज नसताना एक प्रथिन त्या जनुकांच्या दाराशी बसून वाट अडवतं, आणि लॅक्टोज आलं की ते उठून जातं. १९६५ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

ती एक तार झाली. पण ३०० डीपी आणि ४,३०० घरं म्हटल्यावर तपासायच्या जोड्या होतात जवळपास तेरा लाख. प्रत्येकीसाठी प्रयोगशाळेत प्रयोग करायचा तर पिढ्या जातील. म्हणून संगणक. जिवाणूला उष्णता द्या, आम्ल द्या, उपाशी ठेवा, अँटिबायोटिक द्या, आणि दर वेळी कुठलं जनुक किती चालू आहे, याचं सगळ्या जनुकांचं रीडिंग एकदम घ्या. अशी शेकडो रीडिंग जमली की संगणक विचारतो, कोण कोणाबरोबर हलतं?

आता तुम्ही हसाल. दोन घरांतले दिवे एकदम गेले म्हणून एका घरातून दुसऱ्यात तार गेली आहे असं कोण म्हणेल? दोन्ही एकाच डीपीवर असतील. किंवा अख्ख्या फीडरचं लोडशेडिंग असेल. जिवाणूतही तसंच होतं. अन्न संपलं की शेकडो जनुकं एकदम मंदावतात, आणि संगणकाला वाटतं सगळी एकमेकांना बांधलेली आहेत. या घोटाळ्यावर बोस्टन विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये एक साधी युक्ती वापरली. एखादं घर उठसूट सगळ्यांबरोबरच लुकलुकत असेल, तर त्याच्या जोडीला फार किंमत द्यायची नाही. ई. कोलायच्या ४४५ नोंदींवर ही पद्धत चालवून त्यांनी १,०७९ जोड्या काढल्या. अचूकता सुमारे ६० टक्के. जोड्यांपैकी ३३८ आधीच माहीत होत्या, ७४१ नव्या.

पुढे बऱ्याच गटांच्या मिळून पस्तीस पद्धती एकाच माहितीवर चालवून पाहिल्या गेल्या. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. कुठलीही एक पद्धत सगळीकडे सरस ठरली नाही. सगळ्यांची उत्तरं एकत्र केल्यावर निकाल जास्त भरवशाचा निघाला, आपल्याकडे पाच पंचांना विचारतात तसा. पण त्यातूनही ई. कोलायच्या ५३ नव्या जोड्या प्रयोगशाळेत तपासल्या तेव्हा २३ जोड्यांनाच पुरावा मिळाला. निम्म्याहून कमी.

गंमत पुढे आहे. लॅक्टोजची वाट अडवणारं ते प्रथिन पेशीत कायम, थोडंसं, जवळपास तेवढंच बनत राहतं. त्याचं प्रमाण बदलत नाही, बदलतं ते त्याचं बसणं-उठणं. त्यामुळे केवळ रीडिंग जुळवणाऱ्या पद्धतीला पाठ्यपुस्तकातली सगळ्यात प्रसिद्ध तार पकडणंच जड जातं. टेकडीवरून दिवे दिसतात, फ्यूज काढणारा माणूस दिसत नाही.

एवढं सगळं तुम्हाला का सांगितलं? कारण तुमच्या लेकीच्या करिअरचं उत्तर इथेच आहे. यादी संगणक काढतो, पण त्यातली कुठली ओळ खरी वाटते आणि ती कशी तपासायची, हे ठरवायला जिवाणू हाताळलेला माणूस लागतो. नुसता कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात. नुसत्या जिवाणू वाढवायच्या प्लेट ओतणारेही मिळतात. दोन्ही येणारे कमी आहेत. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की तिने लॅब सोडून ‘आता मी कॉम्प्युटरवाली’ असं मुळीच करू नये.

आपल्याकडे याची गरज कुठे आहे, तर टीबीत. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जिवाणूला जवळपास एक दिवस लागतो, वर त्याच्यासाठी कडेकोट सुरक्षेची प्रयोगशाळा हवी. तिथे प्रयोग महाग, त्यामुळे कुठला प्रयोग करायचा हे आधी संगणकावर चाळून घेणं फायद्याचं. ऑक्सिजन कमी पडला की हा जिवाणू जवळपास पन्नास जनुकांचा एक संच चालू करतो आणि शरीरात गपगुमान पडून राहतो. त्या संचाच्या डीपीला डॉस-आर म्हणतात, डेव्ह-आर असंही नाव आहे. त्यावर दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम झालं आहे.

आता पोटापाण्याचं, आणि इथे गोड बोलणार नाही. जनुकांच्या या वायरिंगला ‘जीन नेटवर्क’ म्हणतात, पण त्या नावाची नोकरी जाहिरातीत सापडणार नाही. एमएस्सीनंतर मिळतं ते प्रोजेक्टवरचं काम, किंवा सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं) आणि निदानाच्या कंपन्यांमध्ये डेटा पाहणाऱ्याचं काम. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मुलांसारखा नसतो. स्वतःचे प्रश्न स्वतः ठरवायचे असतील तर पीएचडीला पर्याय नाही, त्यात पाच-सहा वर्षं जातात. मात्र तो काळ बिनपगारी नसतो. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे, दोन वर्षांनंतर ४२,०००. त्यात कुणी श्रीमंत होत नाही, पण मुलगी तुमच्यावर अवलंबूनही राहत नाही. घरात लग्नाचा विषय निघाला की हा आकडा सांगत जा.

वाट कुठून जाते? पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या बायोइन्फर्मॅटिक्स केंद्रात एमएस्सी आहे, जवळच आयसर, एनसीसीएस, एनसीएल या संशोधन संस्था आहेत. आयआयटींच्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, इतर अनेक विद्यापीठांतल्या बायोटेक्नॉलॉजीसाठी जीएटी-बी. बंगळूरूची आयआयएस्सी आणि पुण्याचं आयसर इथे बीएस्सीनंतर थेट एकात्मिक, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकत्र, अशी पीएचडीही आहे. गणित सोडल्याची अडचण खरी आहे. काही ठिकाणी बारावीला गणित मागतात, म्हणून अर्जाची फी भरण्याआधी पात्रतेची ओळ दोनदा वाचा. बाकी जे गणित कामाला लागतं, ते अकरावीचं राहिलेलं पुस्तक नव्हे. सरासरी, विचलन, सहसंबंध, संभाव्यता आणि मॅट्रिक्स. वर्षभर रोज तासभर बसली तर येतं, अशी मुलं मी पाहिली आहेत.

पंच्याऐंशी हजारांच्या डिप्लोमाचं उत्तर एका शब्दात, नको. शंभर टक्के हमी देणाऱ्यांना मागच्या बॅचमधल्या पाच जणांचे फोन नंबर मागा, पुढे फोन येतात का ते बघा. तिथे शिकवतील त्या पायथॉन आणि आर या संगणकाच्या भाषा फुकट शिकता येतात, आणि आयआयटी मद्रासचा कॉम्प्युटेशनल सिस्टिम्स बायोलॉजीचा संपूर्ण कोर्स एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन वर्गांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. बी.एड.ला माझा विरोध नाही, शिकवायची हौस असेल तर जरूर. पण मेहुण्यांना बरं वाटावं म्हणून नको.

निर्णय आज घेऊ नका. दिवाळीपर्यंत तिला एक काम द्या. २०१२ च्या ज्या तुलनेबद्दल वर लिहिलं, तिच्यातली ई. कोलायची रीडिंग इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहेत. आकडे लाखांत असले तरी साध्या लॅपटॉपवर चालतात, नवा घेऊ नका. त्यातून तिने सगळ्यात घट्ट जुळणाऱ्या शंभर जोड्या काढायच्या. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या मंडळींनी ई. कोलायच्या आजवर सापडलेल्या तारांची वही १९९८ पासून सांभाळली आहे, तिचं नाव रेग्युलॉनडीबी. आपल्या शंभर जोड्या तिने त्या वहीशी ताडून पाहायच्या. बऱ्याच जुळणार नाहीत. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. न जुळलेल्या दहा जोड्या निवडायच्या आणि प्रत्येकीपुढे दोन ओळी लिहायच्या, की ही नवी तार असेल का नुसतं लोडशेडिंग, आणि ते ओळखायला प्रयोग कोणता करशील.

पहिल्याच आठवड्यात कंटाळली, तर एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करून औषध किंवा अन्न उद्योगात क्वालिटी कंट्रोलला जाता येतं, तीही चांगली वाट आहे. पण रात्री जेवताना तुम्हाला ‘पप्पा, दोन डीपी एकाच घराला जोडलेले असू शकतात का’ असं विचारायला लागली, तर तो कागद मला पाठवा. खाडाखोड तशीच राहू द्या.

आणि तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर जिवाणूत तरी ‘हो’ असं आहे. लॅक्टोजच्या जनुकांवर एक अडवणारा आहे तसा एक ढकलणाराही आहे, ग्लुकोज संपल्यावरच कामाला लागणारा. तुमच्या लाइनीवर असं चालतं का, ते तुम्ही तिला सांगा.