हूक हुकला तर

चि. बाळ,

तुझं पत्र पोचलं. एवढी वर्षं खपून शेवटी नौदलानं तेजस हे लढाऊ विमान घेतलंच नाही, मग विमानं बनवायच्या वाटेला जायचं कशाला, असं विचारतेस. 2016 साली नौदलानं तोंडावर सांगितलं, विमान जड आहे. मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं.

पण जड का झालं, हे नीट समजून घे. धावपट्टीवर विमान अलगद टेकवतात. जहाजावर ते दुपटीहून जास्त वेगानं खाली आदळतं, आणि शेपटीखालचा हूक डेकवरच्या तारेत अडकून शंभरेक मीटरमध्ये थांबतं. तो दणका सोसायला चाकांचे पाय दणकट करायचे, पाय दणकट म्हणून धडही दणकट. वजन वाढत जातं, इंजिन तेवढंच. गंमत म्हणजे चाकं टेकताच पायलट इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. हूक हुकला तर पुन्हा उडायला नको?

11 जानेवारी 2020 ला कमोडोर जयदीप मावळणकरांनी तेच विमान विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उडवलं. आपल्याकडे सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गडबड होती, मी मात्र टीव्हीसमोरून हललो नाही. 2023 मध्ये ते नव्या विक्रांतवरही उतरलं. आता दोन इंजिनांचं विमान आखताहेत, त्याला हा सगळा अनुभव कामी येईल. तोवर फ्रान्सकडून 26 रफाल घ्यायचं ठरलंय.

मी गोव्यात सी हॅरियरवर होतो. ते जहाजावर उभंच्या उभं उतरायचं, हुकाची भानगड नाही. खारं वारं मात्र त्यालाही चुकलं नाही. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यानं धुवायचं. घरी चार-पाच दिवसांनी नळ येणारा मी, पहिल्यांदा ते पाणी वाहताना बघून जीव तुटला होता. मग एका पॅनेलखाली गंजाची पांढरी भुकटी बोटाला लागली, तेव्हा पटलं.

तेव्हा पंखांच्या मागे सगळे लागतात, तू लँडिंग गिअर, म्हणजे ते चाकांचे पाय, आणि गंज धर. माणसं कमी, काम रग्गड. सुट्टीत अक्कलकोट रोडच्या एखाद्या चादरीच्या कारखान्यात जा. जुन्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा पेटीत येऊन आपटतो, त्याला कशानं धरतात ते हातात घेऊन बघ. तो भाग किती दिवसांत झिजतो, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला विचार. मला कळव.

आणि घरी येशील तेव्हा नळाचा दिवस सोडून ये. त्या दिवशी मी पाणी भरण्यात असतो.

तुझा काका