दिवाळीच्या सेलमध्ये टीव्ही घेताना

पहिल्यांदाच घेताय, म्हणून आधी हे: ‘६०% सूट’ या पाटीकडे बघूच नका. ती सूट एमआरपीवर असते, आणि एमआरपीला टीव्ही सहसा कुणी विकतच नाही. नवरात्राच्या आधीच दोन-तीन मॉडेलं ठरवा आणि त्यांचे भाव लिहून ठेवा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा; एका अक्षराच्या फरकाने आतलं पॅनेल, म्हणजे पडदा, वेगळं निघू शकतं. आणखी एक, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा त्याआधीच्या भावाशी तुलना करून खूश होऊ नका.

ऑनलाइन घ्यायचा असला तरी जवळच्या टीव्हीच्या दुकानांत एक चक्कर माराच. दुकानात टीव्ही भडक मोडवर, चकचकीत फोर-के क्लिप लावून ठेवलेला असतो. रिमोट मागून घ्या, मोड ‘सिनेमा’ करा आणि साधं न्यूज चॅनल किंवा क्रिकेट लावायला सांगा. चेहरे मेणासारखे दिसले, चेंडूमागे धूसर रेघ ओढली गेली, तर ते मॉडेल सोडा. बाजूला उभं राहूनही बघा. सोफ्याच्या कडेला बसणाऱ्या आजीला रंग फिके दिसता कामा नयेत. मग ऑनलाइनचा भाव दाखवून घासाघीस करा, निदान वॉल माउंट तरी फुकट मागा.

नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे ‘बिनव्याजी’ हप्ते, घेताना प्रोसेसिंग फी आणि बँक हिशोबात धरते त्या व्याजावरचा जीएसटी आधी विचारा. खोकं मात्र इन्स्टॉलेशनवाल्यासमोरच उघडा, व्हिडिओ चालू ठेवून.