मुंडी नको, टेकू ठेव

ठाणे, रविवार सकाळ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेटल बँडची तिन्ही गाणी ऐकली, पोस्टर पाहिलं. वाशीच्या कार्यक्रमात खाटकाकडून बोकडाची मुंडी आणून माइकच्या स्टँडवर लावायची का, हा तुझा प्रश्नही वाचला. फोनवर ‘नको’ म्हणून मोकळा झालो असतो, पण तू लगेच ‘का?’ विचारशील आणि त्याचं उत्तर फोनवर मावणार नाही.

आधी मुंडीचं सांगतो, ते लवकर संपेल. नॉर्वेचा मेहेम हा मेटल बँड स्टेजवर जनावरांची डोकी लावण्यासाठी प्रसिद्ध आहे. २००३ मध्ये बर्गनच्या कार्यक्रमात ते मेलेला मेंढा कापत होते. त्याचं डोकं उडून प्रेक्षकांत गेलं आणि एका श्रोत्याच्या कवटीला फ्रॅक्चर झालं. त्या रात्रीची गोष्ट लोक अजून सांगतात, पण तिच्यात एकाही गाण्याचं नाव येत नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न, त्याचंही तेच झालं. २० जानेवारी १९८२ ला अमेरिकेत डे मॉइन शहरात कुणीतरी स्टेजवर वटवाघूळ फेकलं, रबराचं समजून तो ते चावला आणि मग रेबीजची इंजेक्शनं घेत बसला. त्यानंतर तो ४३ वर्षं जगला, गायला. जुलै २०२५ मध्ये गेला, तेव्हाही वटवाघूळ त्याच्या नावाला चिकटलेलंच होतं. त्याचा तो ताणलेला, विनवणी केल्यासारखा आवाज हजार बँडमधून ओळखू येतो. त्याबद्दल किती कमी बोललं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुझा आवाज चांगला आहे, म्हणूनच मला ही काळजी.

शिवाय मुंडीने आपल्याकडे दचकणार कोण? तुझ्या समोरच्या निम्म्या पोरांच्या घरी रविवारी मुंडीचा रस्सा शिजतो. उरलेली निम्मी नाक दाबून मागे सरकतील, कारण लाइटच्या उष्णतेत आणि आपल्या दमट हवेत ती तासाभरात वास मारणार. नॉर्वेत ज्या गोष्टीला अर्थ आहे तो इथे जसाच्या तसा येत नाही.

आता ज्यांचं नाव तू दर मेसेजमध्ये घेतेस त्या ब्लॅक सॅबथकडे येऊ. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, आला. पहिलं गाणं बँडच्याच नावाचं. पाऊस, लांबून घंटा आणि मग गिटारचे तीन सूर. आपल्या पद्धतीने सांगायचं तर सा, वरचा सा आणि तिथून खाली तीव्र मध्यम, त्यावर कंप. सा आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपात ‘संगीतातला सैतान’ असं नाव पडलं. मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती, असंही सांगतात. ते खरं नाही. तू तानपुरा लावून यमन म्हणून बघ. सा तोच, तीव्र मध्यम तोच, आणि त्यातून केवढी शांतता येते. मग त्या गाण्यात भीती येते कुठून? लयीच्या संथपणातून येते. त्या एका सुरावर ते ठाण मांडून बसतात, पुढे जायचं नावच घेत नाहीत, त्यातून येते. आणि शब्दांतून येते. समोर काळी आकृती उभी आहे, ती आपल्याकडे बोट दाखवतेय, आणि गाणारा घाबरून देवाचा धावा करतोय.

हे नीट ऐक. ज्या गाण्याला सगळे सैतानी म्हणतात, त्यात एक भेदरलेला मुलगा आहे. कुणाची पूजाबिजा त्यात नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या कव्हन नावाच्या बँडने उलटे क्रॉस, शिंगांची खूण (तर्जनी आणि करंगळी वर), रेकॉर्डवर सैतानपूजेचा आख्खा विधी, असं सगळं करून ठेवलं होतं. धक्का देण्यात ते सॅबथच्या कितीतरी पुढे होते. तरी आज ठाण्यातला चौदा वर्षांचा पोरगा नवी गिटार हातात आली की सॅबथचे सूर काढायला बसतो. कव्हनचं नाव तू तरी ऐकलं होतंस का?

सॅबथची ही चार पोरं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली, कारखान्यांच्या सावलीत वाढलेली. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि तारा सैल ठेवायला लागला. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत त्याची गिटार तीन अर्धस्वर खाली उतरली होती. तू ज्याला ‘इव्हिल टोन’ म्हणतेस तो बराचसा या जखमेतून आलाय. वागळे इस्टेटच्या प्रेस शॉपमध्ये ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तुझ्या आजोबांना विचार, त्यांच्याबरोबरच्या किती जणांची बोटं शाबूत होती.

आता तुझ्या पोस्टरवरचा उलटा क्रॉस. सॅबथच्या पहिल्या रेकॉर्डच्या आतल्या बाजूला तो होता, पण तो कंपनीने परस्पर छापला, बँडला न विचारता. त्यांचा बास वाजवणारा गीझर बटलर कॅथलिक घरातला. गाण्यांचे बहुतेक शब्द त्याचे, आणि १९७१ च्या अल्बममध्ये त्याने चक्क ईश्वरावरच्या श्रद्धेच्या बाजूने गाणं लिहिलं. ते गळ्यात क्रॉस घालायचे, सरळ क्रॉस. ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात धातूचे बनवून दिलेले. म्हणजे ही पोरं सैतानाचं नाव घेत होती तेव्हा ती स्वतःच्या घरातल्या देवाशी आणि स्वतःच्या लहानपणच्या नरकाशी भांडत होती. त्यात त्यांचं काहीतरी पणाला लागलेलं होतं.

तुझ्या देव्हाऱ्यात गणपती आहे आणि कुलदेवीचा टाक आहे. उलट्या क्रॉसने तुझी झोप उडत नाही. ती उडेल मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन चर्चमध्ये दर रविवारी जाणाऱ्या एखाद्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, आजीची. ती तुझ्यासारखीच मराठी बोलते आणि तुझ्या बँडने तिचं काही घोडं मारलेलं नाही, ना तिने तुमचं. ज्या चिन्हाची तुला स्वतःला काही किंमत मोजावी लागत नाही, ते उलटं करण्यात हिंमत कसली? धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ वगैरे गोष्टी कुणीतरी तुला सांगेलच. मला कायद्याच्या भीतीने तुला थांबवायचं नाही. ते चिन्ह तुझं नाही, एवढंच मला म्हणायचंय.

तुमचं गाव गुहागरकडे आहे म्हणालीस. शिमग्यात संकासूर पाहिला असशील. काळा पायघोळ वेष, उंच टोपी, कमरेला घुंगरं. पोरं किंचाळत पळतात आणि मोठी माणसं त्याच्याच पाया पडतात. दशावतारातही तो येतो, वेद चोरणारा, विष्णूकडून मरणारा. मी दशावतारी नाटकांना साउंड दिलाय. संकासूर आला की पहिल्या रांगेतलं पोर आईच्या कुशीत शिरतं, आणि हे मी दर वेळी पाहतो. तो परिणाम वेषाचा नसतो. तो येण्याआधी जी शांतता धरलेली असते तिचा असतो, आणि समोर बसलेल्या सगळ्यांना तो कोण हे ठाऊक असतं त्याचा असतो. हे वाचून लगेच संकासुराचा मुखवटा शिवायला टाकू नकोस. गावी जा, खेळ्यांबरोबर एक रात्र फीर, मग बघू.

तुझे बाबा काळ्या टी-शर्टांना घाबरतात, त्याबद्दलही लिहायचंय. त्यांची भीती खोटी नाही, पण अशा भीतीने किती घात होतो हेही तुला माहीत असायला हवं. १९८५ मध्ये अमेरिकेत गाण्यांच्या शब्दांवरून सिनेटसमोर सुनावणी झाली, त्यातून अल्बमवर पालकांसाठी इशाऱ्याचे स्टिकर आले. तिथवर ठीक. पण १९९४ मध्ये आर्कान्सात तीन मुलांच्या खुनासाठी तीन तरुणांना दोषी ठरवलं गेलं, आणि त्यांतल्या डेमियन एकल्सला मृत्युदंड. काळे कपडे घालतो, मेटल ऐकतो, जादूटोण्याची पुस्तकं वाचतो, हे कोर्टात त्याच्याविरुद्ध मांडलं गेलं. तो १८ वर्षं आत होता. ऑगस्ट २०११ मध्ये तिघेही बाहेर आले. दुसऱ्या टोकाला नॉर्वे. तिथल्या काही पोरांनी रेकॉर्डच्या कव्हरवरची चित्रं खरी मानली. जून १९९२ मध्ये फान्टॉफ्टचं लाकडी चर्च जळलं, मग आणखी जळली, आणि पुढच्या वर्षी एका वादकाने दुसऱ्याला भोसकून मारलं. या दोन्ही ठिकाणी गाणं कुणी ऐकलंच नाही, सगळे चित्राकडे बघत राहिले. म्हणून बाबांना चिडवण्यासाठी काही करू नकोस. त्यांना शेजारी बसव आणि गाणं ऐकव. शिंगांची जी खूण तू पोस्टरवर करतेस, ती सॅबथमध्ये ऑझीनंतर गायलेल्या रॉनी जेम्स डिओने आपल्या इटालियन आजीकडून उचलली. ती दृष्ट घालवायला तशी बोटं करायची. हे तुझ्या आईला सांग, तिला आवडेल.

अलीकडच्यांचं थोडक्यात. २०२१ मध्ये लिल नॅस एक्स या अमेरिकन रॅपरच्या नावाने सैतानी बुटांचे ६६६ जोड निघाले, तळव्यात रक्ताचा थेंब घालून, आणि एक सोडून बाकी सगळे मिनिटभरात संपले. नायकेने त्या बूट बनवणाऱ्यांवर खटला भरला. तो खेळ भांडवलाचा आहे, मला त्यात रस नाही. पण तो समलिंगी आहे, आणि ‘तू नरकात जाशील’ हे त्याने लहानपणापासून ऐकलंय. तो व्हिडिओत नरकात उतरतो तेव्हा त्या उतरण्यात त्याचा स्वतःचा हिशोब आहे. तिथे मी त्याच्या बाजूने आहे.

आता तुझी गाणी. पहिली दोन, इंग्रजी, नरकाबद्दलची, नेटकी वाजली आहेत. ती ऐकताना मला काही झालं नाही. तिसरं मराठी, जे तू ‘हे उगाच केलंय’ म्हणून पाठवलंस, ते ऐकून मी हेडफोन काढून ठेवला.

नौपाड्यातली तुमची जुनी इमारत, दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी, तिच्यात आपलं नाव आहे का हे बघणारी आई, आणि झोपायच्या खोलीत पलंगाशेजारी उभा केलेला लोखंडी टेकू. रात्री वरून माती पडते आणि कुणीच काही बोलत नाही. मुली, यात सैतान आहे. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याला इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. तू तेव्हा लहान असशील, पण या जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या इमारतीत ती संध्याकाळ अजून राहते. असं गाणं नॉर्वेच्या किंवा बर्मिंगहॅमच्या कुणालाही लिहिता येणार नाही.

त्यात दुरुस्त्या आहेत. लय निम्मी कर. आत्ता तू घाबरून पळतेयस, आणि टेकूच्या खोलीतून पळता येत नाही. पहिल्या दोन कडव्यांत अजिबात किंचाळू नकोस, आईशी रात्री बोलतेस त्या आवाजात गा, म्हणजे पुढे घसा फोडशील तेव्हा त्याला कारण असेल. गिटार तीन अर्धस्वर खाली लावून बघ. ‘यमदूत’ आणि ‘रक्ताचा पाऊस’ या दोन ओळी काढून टाक. माती पडते ही ओळ पुरेशी आहे. पोस्टरवर क्रॉसच्या जागी त्या टेकूचा फोटो टाक, पण आधी आईला विचार. ती नाही म्हणाली तर नाही.

गुरुवारी सातनंतर माझी प्रॅक्टिस रूम मोकळी आहे. ड्रमरला बरोबर आण. शेवटच्या कडव्यातलं त्याचं डबल पेडल काढायचंय, तो वाद घालेल, आणि तो त्याने माझ्याशी घातलेला बरा.

तुझा,
काका