तोंडी बोलावणं, तोंडी धमकी : आधी कागद मागा

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. धाकटा भाऊ अग्निवीर भरतीची तयारी करतो. पहलगामच्या हल्ल्यावेळी तिथं बंदोबस्त का नव्हता, जबाबदार कोण, असं त्यानं व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलं होतं. कुणीतरी स्क्रीनशॉट पोलिसांना दिला. 'स्टेशनला येऊन जा' असा फोन आला. रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवलं, मोबाइल काढून घेतला, कन्नडमधल्या एका कागदावर सही घेतली. भाऊ कन्नड बोलतो, पण त्याला वाचता येत नाही. 'एक नोव्हेंबरच्या सायकल फेरीतही तू असतोस, फुटीरतावादी आहेस, १५२ लावला तर जन्म आत जाईल,' असं फौजदार म्हणाले. आता मोबाइलचा पॅटर्न मागताहेत. द्यावा का? आणि भरतीचं काय?

उत्तर : नमस्कार. तुमच्या घरच्यांची झोप उडाली असणार, हे पत्रावरून दिसतंच. पण त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की तुमच्या हातात एकही कागद नाही. बोलावणं फोनवर, मोबाइल हातातून काढून घेतलेला, धमकी तोंडी. एकच कागद झाला, तो त्यांच्याकडे आहे, आणि ज्यानं सही केली त्याला तो वाचता येत नाही. देशाच्या सुरक्षेचं नाव निघालं की माणूस कागद मागायला कचरतो, आणि मग पोलिसांचा अधिकार कायद्यानं दिलाय त्यापेक्षा पुढं सरकतो. यापुढं जे जे तोंडी चाललंय ते लेखी करून घ्यायचं, एवढाच माझा सल्ला आहे. बाकीचं त्याचा तपशील समजा.

आधी कलम १५२ बघू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेतलं राजद्रोहाचं कलम १२४-अ गेलं. ते कलम सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२२ च्या आदेशानं आधीच थांबवून ठेवलं होतं. त्याची जागा आता न्याय संहितेच्या १५२ नं घेतली आहे. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे फौजदारांनी शिक्षा खोटी सांगितली नाही. गुन्हा कशानं होतो, ते मात्र सांगितलं नाही. देशातून फुटून निघणं, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया यांना हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून चिथावणी द्यावी लागते, फुटीरतेच्या भावनेला खतपाणी घालावं लागतं किंवा देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणावी लागते. त्या कलमाखालीच स्पष्टीकरण आहे, की सरकारची एखादी कृती पटली नाही आणि ती कायदेशीर मार्गानं बदलावी म्हणून, कुणाला न चिथवता टीका केली, तर तो गुन्हा नव्हे. बंदोबस्त का नव्हता, हा प्रश्न जुलै २०२५ मध्ये लोकसभेतही विचारला गेला. खासदारानं विचारलेला प्रश्न खानापूरच्या पोरानं विचारला म्हणून त्याचं बंड होत नाही.

'फुटीरतावादी' हा शिक्का आपल्या भागात इतक्या सहज मारला जातो, की इथं जरा थांबलंच पाहिजे. एक नोव्हेंबरची सायकल फेरी निघते ती बेळगाव महाराष्ट्रात जावं या मागणीसाठी. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानं संसदेला दिला आहे. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६० चा महाराष्ट्र, २०१४ चं तेलंगणा, सगळं त्याच अधिकारातून झालं. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणारा माणूस भारताच्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं म्हणतो. महाराष्ट्र सरकारनं २००४ साली नेमका हाच दावा अनुच्छेद १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. मग महाराष्ट्र सरकारही फुटीरतावादी म्हणायचं का? मागणी कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. वकिलांच्या बार रूममधल्या माझ्या कन्नड भाषक मित्रांना ती मुळीच पटत नाही आणि चहा संपेपर्यंत आमचा वाद चालतो. पण तिचा १५२ शी काडीचा संबंध नाही. मनाई आदेश असताना फेरीत गेलं तर तो आदेश मोडल्याचा किरकोळ गुन्हा लागू शकतो. तो वेगळा विषय आहे, त्याची यात सरमिसळ होऊ देऊ नका.

तुमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा निकाल शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यातला आहे. तिथल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसला ५ ऑगस्ट (३७० वं कलम हटवलं तो दिवस) हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं लिहिलं, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगल्यात गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करायचा, एखाद्या दिवसाला काळा दिवस म्हणायचा नागरिकाला हक्क आहे, आणि शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर माणसाच्या नजरेतून मोजायचा, हळव्या आणि जिथं तिथं शत्रू दिसणाऱ्याच्या नजरेतून नाही, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या भावाचं स्टेटस त्यापुढं फारच सौम्य आहे.

तरीही हुरळून जाऊ नका. त्या प्राध्यापकांना एका स्टेटसपायी दीड वर्षाहून जास्त काळ कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि एक रेष मीही मानतो : सैन्याच्या हालचाली, सांबऱ्याच्या हवाई तळावरची विमानं, रस्त्यानं चाललेला लष्करी ताफा यांचे फोटो-व्हिडिओ टाकणं म्हणजे मत मांडणं नव्हे. तिथं सरकारला हात घालायचा पूर्ण अधिकार आहे, आणि असलाही पाहिजे. भरतीला निघालेल्या मुलाला हे सांगायची गरज नसावी.

आता बोलावण्याचं. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. संशयित म्हणून अटकेशिवाय चौकशी करायची तर त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस लागते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. पुन्हा फोन आला तर आवाज न चढवता सांगा, 'साहेब, नोटीस द्या, वकिलांना घेऊन येतो.' त्या रात्रीचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, असा अर्ज ताबडतोब द्या. ते किमान वर्षभर ठेवावं, असं डिसेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो. भाऊ किती वाजता आला आणि किती वाजता सुटला, याचा त्याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही.

मोबाइल पोलिसांना जप्त करता येतो. पण महजर, म्हणजे पंचनामा, करावा लागतो, जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं आणि हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. यातलं काही झालंय असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. पोलिसांनी जप्ती मॅजिस्ट्रेटला कळवली असेल, तर फोन परत मिळावा म्हणून खानापूरच्या कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येईल. कळवलीच नसेल, तर तीच तुमची पहिली तक्रार.

पॅटर्नबद्दल कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल आहे. तो अर्धा तुमच्या बाजूचा आणि अर्धा विरुद्ध आहे. तपास अधिकारी पासवर्ड मागू शकतो. आरोपीनं नकार दिला तर त्यानं कोर्टात जाऊन झडतीचं वॉरंट आणावं. पण पासवर्ड सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असंही तोच निकाल म्हणतो. तेव्हा एफआयआर नाही, वॉरंट नाही, तोवर पॅटर्न देऊ नका. कोर्टाचा आदेश आला तर मात्र हट्ट धरू नका. आणि दुसऱ्या फोनवरून लॉग-इन करून काही पुसायला जाऊ नका. पुरावा नष्ट केला असं झालं, तर नसलेला गुन्हा आपणच तयार करून द्याल.

सही केलेल्या कागदाची मला जास्त काळजी वाटते. तो जबाब असेल तर पोलिसांनी त्यावर सही घ्यायचीच नसते, आणि पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही. पण ते हमीपत्र असू शकतं. शांतता राखण्याचा बाँड घ्यायचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा, तोही नोटीस देऊन, म्हणणं ऐकून. फौजदाराचा नव्हे. सुरक्षेच्या नावानं हमी लिहून घ्यायची सवय सरकारला जुनीच आहे, आणि त्यात विचारसरणी आड येत नाही. एप्रिल १९५० मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्या दिल्ली भेटीच्या वेळी सावरकरांना खटल्याविना आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात आणून ठेवलं. जुलैत ते सुटले, ते राजकारणापासून दूर राहायची हमी दिल्यावर. तुमच्या भावानं कशाची हमी दिली आहे, हे त्यालाच ठाऊक नाही. म्हणून जिल्हा पोलीस अधीक्षकांना पत्र लिहा : अमुक दिवशी न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेतली, त्यातला मजकूर मान्य नाही, प्रत द्यावी, जप्तीची पावती द्यावी. पत्र मराठीत चालतं, घटनेचा अनुच्छेद ३५० तो हक्क देतो. पण हक्काचा मुद्दा बाजूला ठेवून सोबत कन्नड भाषांतर जोडा, म्हणजे टेबलावर पडून राहायला निमित्त उरणार नाही. स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपा.

एफआयआर झाला आहे का, हे राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर बघा. मात्र संवेदनशील म्हणून काही एफआयआर तिथं टाकत नाहीत, म्हणून वकिलामार्फत कोर्टातही चौकशी करा. अटकेची वाजवी भीती असेल तर एफआयआर नसतानाही बेळगावच्या सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागता येतो. १५२ ची धमकी उघड दिली आहे, तेव्हा मी हा अर्ज तयार ठेवीन. गुन्हा नोंदलाच तर तो रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जायचं. उद्या कुणी यूएपीएचं, म्हणजे दहशतवाद आणि बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्याचं, नाव घेतलं तर एक दिवसही दवडू नका, कारण त्या कायद्यात अटकपूर्व जामीनच नाही. अटक झालीच, तर कारणं लेखी आणि भावाला कळणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालानं हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं आहे, आणि कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटपुढं उभं करण्याच्या निदान दोन तास आधी तो कागद हातात पडायला हवा. कन्नड कागद पुढं केला तर 'मराठीत द्या' असं तिथंच म्हणायचं आणि मॅजिस्ट्रेटसमोर पुन्हा म्हणायचं.

भरतीच्या फॉर्ममध्ये अटक, गुन्हा किंवा खटला विचारलेला असतो. ठाण्यात बसवून ठेवलं म्हणजे गुन्हा नोंदला असं होत नाही. एफआयआर नसेल तर त्या रकान्यात 'नाही' हेच खरं उत्तर. फॉर्म भरायच्या आधी एफआयआर झालेला असेल तर 'होय' लिहा आणि नंबर द्या. किरकोळ प्रकरण असेल तर ते उघड सांगितल्यावर उमेदवाराचा विचार होऊ शकतो, लपवलेलं उघडकीला आलं तर नोकरी हातची जाते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सविस्तर सांगून ठेवलं आहे. वडिलांची सैन्यातली नोकरी कुठल्याही अर्जात ढाल म्हणून पुढं करू नका. भावाच्या हक्काला त्या शिफारशीची गरज नाही.